छोट्या मैफलींसाठी कीबोर्डचा अ‍ॅम्प्लिफायर : निवडीच्या नोंदी

४ जुलै २०२४, पुणे

आमच्या चमूत गायिका, तबलावादक आणि कीबोर्ड वाजवणारा मी असे तिघे कायमचे असतो. ऑक्टोपॅडवादक आणि निवेदक कार्यक्रमाप्रमाणे येतात. कार्यक्रम बहुतेक भावगीतांचे, नाट्यपदांचे किंवा अभंगांचे असतात आणि ते सोसायटीच्या सभागृहात, वाचनालयाच्या हॉलमध्ये, एखाद्या वाड्याच्या चौकात किंवा कॅफेच्या कोपऱ्यात होतात. श्रोते चाळीसपासून दीडशेपर्यंत असतात. आजवर मी जागेवर जो साउंडवाला असेल त्याच्या मॉनिटरवर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर, विसंबून राहिलो, परंतु त्या एकाच मॉनिटरमध्ये गायिकेला तानपुरा हवा असतो, तबलजींना गाणे हवे असते आणि मला माझी कीबोर्डवरची बासरी सुरात लागते आहे की नाही हे कळणेही कठीण होते. म्हणून स्वतःचा लहान अ‍ॅम्प घ्यायचा, हे ठरले आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी अटी लिहून ठेवतो. माझा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा आहे आणि त्यातून संतूर, बासरी, व्हायोलिनचा ताफा, पियानो आणि डाव्या हाताने बेस असे सगळे काढावे लागते, कारण चमूत बेस गिटार नाही. दुसरे, फोनवरचा किंवा छोट्या खोक्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा जोडण्यासाठी वेगळी जागा हवी. तिसरे, कीबोर्ड पाठीवर आणि अ‍ॅम्प दुचाकीच्या पायदानावर ठेवून एकट्याने जाता आले पाहिजे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे हॉल या शहरात पुष्कळ आहेत. चौथी अट सध्या प्रश्नाच्या रूपात आहे, ती म्हणजे हा अ‍ॅम्प नेमका कोणाला ऐकू यायला हवा. ती सुटल्याशिवाय वॅटचा आकडा ठरवता येणार नाही.

९ जुलै

वॅटचा हिशोब. दुकानदार आणि वादक दोघेही पहिला प्रश्न “किती वॅटचा?” असा विचारतात, पण हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही. ताकद दुप्पट केली तर आवाजाची पातळी, जी डेसिबलमध्ये मोजतात, फक्त ३ डेसिबलने चढते आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला ताकद जवळजवळ दहापट करावी लागते. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, ही तितकीच महत्त्वाची असते आणि लहान अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात ती बहुधा छापलेली नसते.

एक उदाहरण मांडून पाहिले. संवेदनशीलता ९० धरली आणि अ‍ॅम्प ३० वॅटचा असला, तर १ मीटरवर कमाल पातळी सुमारे १०५ डेसिबल मिळते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे ८ मीटरवर ८७ उरतात. पियानो किंवा संतूर यांचा आघात सरासरी पातळीच्या बराच वर उसळतो. त्या उसळीसाठी १५ डेसिबल राखून ठेवले, तर आठ मीटरवरच्या श्रोत्याला सरासरी ७२ डेसिबल मिळतील. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परतत असल्याने प्रत्यक्ष घट याहून कमी असते. तरीही कुजबुज, पंखे आणि चहाच्या कपांचा आवाज धरता हे काठावरचे गणित आहे. तोच अ‍ॅम्प माझ्यापासून एका मीटरवर असेल, तर मला सरासरी ९० डेसिबल ऐकू येतील, आणि तबल्याशेजारी बसूनही ते भरपूर आहेत. शंभर वॅट आणि ९५ संवेदनशीलता धरल्यास आठ मीटरवरची सरासरी ८२ होते.

याचा अर्थ असा की “मला ऐकू येणे” आणि “शेवटच्या रांगेला ऐकू येणे” ही दोन वेगळी कामे असून दोन्हींच्या गरजा कित्येक पटींनी वेगळ्या आहेत. जाहिरातीतला ठळक आकडा बहुतेक वेळा क्षणिक कमाल ताकदीचा असतो, हेही लिहून ठेवतो; सलग मिळणारी ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असू शकते, त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हीकडचे आकडे एकाच जातीचे आहेत ना हे पाहावे लागते.

१७ जुलै

बेसचा विचार. कीबोर्डवरचा सर्वांत खालचा सा, म्हणजे पांढरी एक, साधारण ६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६५ कंपनांचा, आहे, आणि सप्तक खाली सरकवले की तो ३३ वर जातो. तितके खालचे मूळ कंपन स्पीकरच्या लहान पेटीतून निघणारच नाही आणि त्याची फारशी गरजही नाही, कारण वरच्या संवादी कंपनांवरून कान मूळ स्वर स्वतः भरून घेतो. परंतु ६५ ते १३० या सप्तकात आवाज पोकळ असेल, तर डाव्या हाताचा ठेका नुसता टकटक वाजतो आणि गाण्याखालची जमीन नाहीशी होते.

येथे स्पीकरच्या आकाराला पर्याय नाही. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते. साडेसहा इंची पडद्याच्या तुलनेत दहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक असते. दोन साडेसहा इंची स्पीकर एकत्र धरले तरी ते एका दहा इंचीच्या थोडे मागेच राहतात. दुसऱ्या टोकाला ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकरही हवाच. गिटारचा अ‍ॅम्प शेजारच्या मित्राकडे पडून आहे आणि तो फुकट मिळतो आहे, पण गिटारचे स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या पुढे मुद्दाम उतरते ठेवलेले असतात. विद्युत गिटारची किरकिर त्याने झाकली जाते आणि तिला तेच शोभते. संतुराची खणखण आणि बासरीची फुंकर मात्र त्याच भागात राहत असल्याने तीही झाकली जाते. तो पर्याय आजच बाद केला.

२८ जुलै

आज दुकानांत फिरून ऐकले. स्वतःचा कीबोर्ड सोबत नेला, कारण दुकानातल्या चांगल्या पियानोवर कोणताही अ‍ॅम्प चांगलाच वाटतो. सर्व ठिकाणी तेच चार तुकडे वाजवले : संतुराचा ‘झाला’ (जलद आघातांचा भाग), बासरीचा खालच्या सप्तकातला आलाप, डाव्या हाताचा केहरवा आणि पियानोचे रुंद स्वरसमूह.

रोलँडच्या केसी मालिकेतला केसी-२२० हा खऱ्या अर्थाने लहान मैफलीचा अ‍ॅम्प म्हणता येईल. त्यात १५ अधिक १५ वॅट, दोन साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचे स्पीकर) आणि दोन ट्वीटर आहेत, तो विजेवर आणि आठ पेन्सिल सेलवरही चालतो आणि त्यात रिव्हर्ब (सभागृहातल्यासारखी गुंज) अंगभूत आहे. आवाज स्वच्छ आहे, बासरी तर फारच गोड लागली. केहरव्यात मात्र माझ्या डाव्या हाताने जे मागितले ते त्या आकाराच्या पेटीत मावत नाही. याच मालिकेतला केसी-२०० हा १०० वॅटचा असून त्याचा स्पीकर १२ इंची आहे. त्यावर बेस ऐकताच समाधान झाले. माइक, कीबोर्ड आणि फोन सगळे एकाच पेटीत जोडता येत असल्याने तो प्रत्यक्षात एक छोटा मिक्सरच आहे. परंतु तो उचलून दुकानाच्या तीन पायऱ्या चढून पाहिल्या आणि तिसरी अट आठवली. बेहरिंगरचा के-४५० एफएक्स हा ४५ वॅटचा आणि दहा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प या दोहोंच्या मधला आहे आणि खिशालाही मधलाच आहे.

विक्रेत्याने न मागता आणखी दोन गोष्टी ऐकवल्या, त्याबद्दल त्याचे आभार. पहिली बोसची एस-१ प्रो ही सात किलोंची, बॅटरीवर चालणारी पेटी. नेण्या-आणण्याच्या बाबतीत तिच्याशी कोणी स्पर्धा करू शकणार नाही. वूफर सहा इंची असूनही ती अपेक्षेपेक्षा भरदार वाजते. दुसरा यामाहाचा डीबीआर-१० हा दहा इंची सक्रिय स्पीकर, म्हणजे आत अ‍ॅम्प्लिफायर असलेली सार्वजनिक ध्वनियोजनेची साधी काळी पेटी. वजन साडेदहा किलो. तिच्यावर “कीबोर्ड अ‍ॅम्प” असे कोठेही लिहिलेले नाही, रिव्हर्ब नाही, दोनच वाहिन्या, म्हणजे आवाज जोडण्याच्या स्वतंत्र जागा, आहेत. तरीही संतुराचा ‘झाला’ मला तिच्यावरच सर्वांत मोकळा ऐकू आला.

३ ऑगस्ट

न्यू जर्सीतल्या मावसभावाने दिवाळीत येताना अ‍ॅम्प घेऊन येतो असे कळवले आहे. तिकडे किंमत कमी दिसते हे खरे, परंतु तिकडचा विद्युतदाब १२० व्होल्ट आणि आपला २३०. काही यंत्रे १०० ते २४० व्होल्ट आपोआप घेतात, काही एकाच दाबासाठी बांधलेली असतात, आणि हे मागच्या बाजूच्या पट्टीवर वाचल्याशिवाय समजत नाही. वेगळा ट्रान्सफॉर्मर बाळगायचा म्हटले तर कमी केलेले वजन पुन्हा वाढते. दुरुस्तीची हमीही इकडे लागू होईलच असे नाही. त्याला नम्रपणे नकार कळवला आणि त्याऐवजी सस्टेन पेडल आणायला सांगितले.

११ ऑगस्ट

आज घरी बसून एकच प्रश्न तपासला : एका पेटीतून, म्हणजे मोनोमध्ये, माझे आवाज कसे लागतात? कीबोर्डला डावे आणि उजवे अशी दोन आउटपुट आहेत. फक्त डाव्या जॅकमध्ये पिन घातली की कीबोर्ड दोन्ही बाजू आपणच एकत्र करतो. बासरी, हार्मोनियम आणि बेस यांत काहीच फरक पडला नाही. पियानो मात्र हेडफोनवर जितका रुंद होता तितकाच पेटीतून किडकिडीत झाला.

कारण सरळ आहे. पियानोचे नमुने दोन माइकनी घेतलेले असतात आणि एकच स्वर दोन्हींकडे किंचित वेगळ्या वेळी पोहोचतो. अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असला तर वेळेत सुमारे अर्धा मिलिसेकंदाचा फरक पडतो. अशा दोन लहरी एकत्र केल्या की १ हजार हर्ट्झच्या आसपास त्या एकमेकींना खोडतात आणि तसेच खड्डे पुढे ठरावीक अंतराने पडत जातात. कोरसचा (एका आवाजाला अनेकांसारखे दाट करणारा) परिणाम आणि ऑर्गनचा फिरता स्पीकर यांचेही असेच होते. उपाय म्हणून दोन पेट्या नेणे किंवा मोनोमध्ये टिकणारे आवाज निवडणे हे दोनच मार्ग आहेत. एकाच खोक्यात हातभर अंतरावर बसवलेले दोन स्पीकर मला जवळून थोडा विस्तार देतील, पण चौथ्या रांगेतल्या श्रोत्यासाठी ते एकच स्पीकर असल्यासारखे आहेत.

म्हणून आवाजांची नवी यादी बांधली : पियानोसाठी अरुंद नमुन्याचा आवाज, व्हायोलिनच्या ताफ्यावरचा कोरस बंद, रिव्हर्ब कमी. रिव्हर्ब कीबोर्डमध्येच असल्याने अ‍ॅम्पमध्ये तो असण्याचे महत्त्व उरले नाही. दोन स्पीकरांच्या अ‍ॅम्पकडे असलेली माझी ओढही या तपासणीनंतर बरीच कमी झाली.

२४ ऑगस्ट

तालमीसाठी एका परिचितांकडून दहा इंची सक्रिय स्पीकर दिवसभरासाठी आणला. आम्ही गादीवर बसून गातो-वाजवतो, त्यामुळे कान जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात आणि जमिनीवर आडवी, किंचित वर तोंड करून ठेवलेली पेटी थेट कानाकडे बघते. उभ्याने वाजवणाऱ्या बँडमध्ये पेटी गुडघ्यांशी बोलते आणि वादक आवाज वाढवत राहतो. आमच्या बैठकीत ती अडचणच नाही.

जागेचा प्रश्न मात्र नाजूक आहे. पेटी माझ्या मागे ठेवली, तर तिचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरतो आणि मग साउंडवाला माइक वर करताच बासरीही वर जाते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारा माइक, पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून पेटी गायिकेच्या समोर थोडी बाजूला, माइकच्या पाठीकडे ठेवून तोंड आमच्याकडे केले. त्या जागेवरून तबलजींनाही माझे स्वरसमूह स्पष्ट आले आणि ते आपणहून म्हणाले, “आता मला सम शोधावी लागत नाही.” भिंतीच्या कोपऱ्यात सरकवली तर बेस फुगून गाण्यावर बसतो, भिंतीपासून दोन हात दूर ठेवणे बरे.

चौथ्या अटीचे उत्तर येथे मिळाले असे वाटते. अ‍ॅम्प आमच्या तिघांसाठी आहे. श्रोत्यांसाठी सभागृहाची व्यवस्था असते, आणि जेथे ती नसते तेथे जागाही इतकी लहान असते की हीच पेटी वळवून पुरते.

११ सप्टेंबर

गणेशोत्सवातला सोसायटीचा कार्यक्रम. तीच उसनी पेटी नेली होती. वादनाआधी माझी तार हॉलच्या मिक्सरला जोडताच घुमणारा ‘हम’ सुरू झाला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि अशा घुमण्यात १०० हर्ट्झचा अंश ठळकपणे ऐकू येतो. पांढरी पाचचा खालचा स्वर ९८ हर्ट्झचा आणि काळी चारचा सुमारे १०४ हर्ट्झचा. शंभर नेमके त्या दोहोंच्या मधे पडते. आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे तानपुऱ्याच्या षड्जाशेजारी अर्ध्या स्वराहून कमी अंतरावर एक बेसूर षड्ज अखंड लागलेला होता. रॉक बँडला हा हम ढोलाखाली दडवता येईल; आलापाने सुरू होणाऱ्या मैफलीत तो दडत नाही. गायिकेने पहिले पद काळी पाचमध्ये घ्यावे काय, असे विचारले, इतका तो त्रासदायक होता.

कारण नेहमीचे. माझी पेटी मंचाजवळच्या बोर्डावर होती आणि मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या बोर्डावर. दोन्हींना स्वतंत्र अर्थिंग आणि त्यांना जोडणारी माझ्या केबलची जाळी, असे एक वर्तुळ तयार झाले, आणि त्यात फिरणारा प्रवाह आवाजात उतरला. साउंडवाल्याच्या मदतनिसाने अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो जिवावर बेतू शकतो, कारण यंत्रात बिघाड होऊन धातूच्या भागात वीज उतरली, तर तीच पिन वादकाला वाचवते. आम्ही मिक्सरपासून एक्स्टेन्शन ओढून दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि हम बराचसा बसला.

१३ सप्टेंबर

परवाच्या हमवरचा कायमचा इलाज म्हणजे ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मधे जोडायचे, वेगळी वीज न लागणारे छोटे खोके. कीबोर्डचे आउटपुट असंतुलित असते, म्हणजे तारेत वाटेत शिरणारा गोंगाट खोडण्याची सोय त्यात नसते, म्हणून त्यावरून पाच-सहा मीटरांपलीकडे तार नेऊ नये. डीआय त्याला संतुलित करतो, माइकच्या पातळीवर आणतो आणि दोन्ही बाजूंची विद्युत जोडणी तोडतो. त्यावरची ‘ग्राउंड लिफ्ट’ कळ दाबली की केबलच्या जाळीतून होणारे वर्तुळही तुटते, आणि अर्थिंगची पिन आपल्या जागी राहते.

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. सक्रिय स्पीकरच्या मागे पुढे नेणारे एक्सएलआर (माइकच्या तारेचे तीन पिनांचे) आउटपुट असते आणि तेथून मिक्सरला तार नेण्याचा मोह होतो. पण आलेला संकेत जसाच्या तसा पुढे देणारे ते नुसते समांतर तोंड असले, तर आत शिरलेला असंतुलित संकेत बाहेरही असंतुलितच निघतो, पिन एक्सएलआर असली म्हणून तो सुधारत नाही. म्हणून कीबोर्डमधून आधी डीआय, डीआयच्या एक्सएलआरमधून हॉलचा मिक्सर आणि डीआयच्या दुसऱ्या जॅकमधून माझी पेटी. यात आणखी एक सोय होते : मी माझी पेटी कितीही लहान-मोठी केली तरी हॉलमधली पातळी हलत नाही आणि साउंडवाल्याशी वाद होत नाहीत. डीआय आजच घेतला.

२९ सप्टेंबर

निर्णय झाला. यामाहा डीबीआर-१० घेतला.

केसी-२०० अजूनही मनात आहे, आणि चारचाकी बाळगणाऱ्या, स्वतःच माइकसह सगळा कार्यक्रम उभा करणाऱ्या वादकाला मी तोच सुचवीन. एकट्याने कॅफेत वाजवणाऱ्याला किंवा रोज शिकवणीला जाणाऱ्याला केसी-२२० पुरेसा आणि सोयीचा ठरेल. माझे काम वेगळे आहे. डाव्या हाताला दहा इंच हवे होते, तानपुऱ्याला दुसरी वाहिनी हवी होती आणि तिच्यावर फोनची तार थेट लागणारी आरसीए तोंडे आहेत. माइक आमच्याकडे हॉलच्या व्यवस्थेवर जातो, त्यामुळे दोन वाहिन्या कमी पडत नाहीत. सलग ताकद शेकडो वॅटची आहे. ती सगळी कधीच वापरणार नाही, पण संतुराच्या आघाताला लागणारी मोकळीक तिच्यामुळे मिळते. उंची अर्धा मीटरच्या आत असल्याने पेटी पायदानावर बसते आणि गुडघे आखडावे लागत नाहीत. ते दुकानाच्या दारातच दुचाकी उभी करून तपासले, विक्रेत्याला त्याचे हसू आले.

बॅटरीचा मुद्दा सोडून दिला. वीज गेली तर हॉलचा माइकही जातो आणि तेव्हा केवळ कीबोर्ड चालू राहून उपयोग नसतो.

१७ ऑक्टोबर

काल कोजागरीचा कार्यक्रम एका सोसायटीच्या गच्चीवर झाला. गच्चीवर परतवणाऱ्या भिंती नसल्याने ९ जुलैचे मोकळ्या जागेचे गणित येथे जवळपास जसेच्या तसे लागू पडले. साउंडवाला नव्हता, माइकसाठी सोसायटीचाच जुना स्पीकर होता. डीबीआर स्टँडवर चढवून श्रोत्यांकडे वळवली आणि आम्ही तिच्या थोडे मागे, बाजूला बसलो. साठ-सत्तर माणसांना कीबोर्ड आणि तानपुरा व्यवस्थित पोहोचला. पातळीची कळ मध्याच्या पुढे नेण्याची गरज पडली नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक असल्याने कार्यक्रम पावणेदहाला संपवला.

पुढच्या वेळेसाठी मांडणी लिहून ठेवतो. जमिनीवर ठेवल्यास डी-कंटूरची (पेटीच्या जागेप्रमाणे आवाजाचा पोत जुळवणारी) कळ ‘मॉनिटर’वर, स्टँडवर असल्यास ‘मेन’वर. वाहिनी एक ‘लाइन’वर, कीबोर्डचा स्वतःचा आवाज तीन-चतुर्थांश, उरलेले पेटीवर, कीबोर्ड फार खाली ठेवून पेटी वर नेली, तर सुस्कारा ऐकू येतो. तानपुरा वाहिनी दोनवर, फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर मोबाइलची टकटक आवाजात उतरते आणि मालकंसात कोणाचा तरी फोन वाजतो. डीआयची ग्राउंड लिफ्ट आधी न दाबता ठेवायची, हम आला तरच दाबायची.

पेटीला पावसाळी खोळ शिवून घ्यायची आहे आणि डीआयपासून पेटीपर्यंतची तार तीन मीटरची करायची आहे; सध्याची दोन मीटरची तार गायिकेच्या समोरच्या जागेपर्यंत ताणून न्यावी लागते.